एक मोठी, एक ओली, एक फुकटची

देवमाशाला दात नव्हते.

•

साखरेच्या डब्याला एक रबरबँड. मिठाच्या डब्याला दोन.

•

अक्कलदाढ सगळ्यांत शेवटी येते, जागा नसताना येते, आणि आली की घरभर कळतं.

•

"पिवळा उन्हात लवकर विटत नाही," नावाडी म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

•

एका चपलेचा फोटो. अंगठा जरा जास्तच ठसठशीत आलाय.

•

जे दिसेल ते बोलायचं. न बोललेलं दिसलं नाही असं धरलं जाईल.

•

चहा

वहिनींची लग्नापासून एक इच्छा होती: नणंदेच्या स्वयंपाकघरात नणंदेच्या आधी पोचायचं. त्या दिवशी त्या उजाडायच्या आत उठल्या, पाय न वाजवता बोळातून गेल्या, आणि दारातच थांबल्या. नणंद आधीच ओट्याशी उभी होती. दिवा न लावता. गॅसच्या निळ्या ज्योतीवर पातेलं होतं आणि ती त्याच्याकडे कान देऊन उभी होती.

"दिवा तरी लावायचा, वन्सं."

"चहाला कशाला दिवा? पाणी उकळलं की ऐकू येतं."

वहिनींनी दिवा लावला आणि साखर शोधायला फळीकडे वळल्या. सगळे डबे सारखे, पत्र्याचे. एकाला रबरबँड, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. त्यांनी एक रबरबँड काढायला हात घातला.

"राहू दे तो," नणंद, म्हणजे घरातल्या पोरांची आत्या, मागे न वळता म्हणाली. "झाकण सैल आहे."

झाकण सैल नव्हतं.

मग आत्याने चहा ओतला. डाव्या हाताचं बोट कपाच्या काठावरून आत सोडलं, चहा पेराला लागला तसं ओतणं थांबवलं, पुढचा कप घेतला. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"बोट बुडवलेला चहा पाजणार का आम्हाला?"

"दातांच्या डॉक्टरचं बोट आहे, वहिनी. अर्ध्या शहराच्या तोंडात जाऊन आलंय."

"म्हणूनच म्हणते."

दोघी हसल्या. इतक्या वर्षांत दोघी एकाच वेळी हसल्याचे प्रसंग फार नव्हते. वहिनींनी कप उचलला, फुंकर घातली, आणि पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत त्यांना कळायचं ते कळलं. अंधारातला चहा, रबरबँड, बोट. बोलताना आपल्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायची ही नवी तऱ्हा, जिला सगळं घर गेलं वर्षभर माज म्हणत होतं.

त्यांनी दुसरा घोट घेतला. नणंद पहिल्यांदाच मुठीत सापडली होती. मूठ कधी उघडायची ते नंतर बघता येईल.

बाकीचे उठून आले तेव्हा टेबलाला खुर्च्या पुरल्या नाहीत. दादा खिडकीच्या कट्ट्यावर बसले. आयुष्यभर बांधकामाची कंत्राटं घेतलेला माणूस. बसायच्या आधी कट्टा दाबून बघितला. त्यांची वकील मुलगी दाराला टेकून उभी राहिली. तिच्या दोन मुली: मोठी अकरा वर्षांची, मान फोनमध्ये, आणि धाकटी, जिला जन्मल्यापासून सगळे ठिणगी म्हणत आणि कुणालाच त्याचं कारण विचारावं लागत नसे.

"अक्कलदाढे," दादांनी बहिणीला हाक मारली. हे नाव त्यांनीच ठेवलेलं, ती पाळण्यात असताना. "गुडघा दाखव."

"बरा झाला."

"खालच्या घड्याळवाल्याने मला फोन केला नसता तर तू पडलीस हे आम्हाला कळलं असतं का? तू फोनवर काय सांगत होतीस? हवा छान आहे!"

"छानच होती. जिन्यात बसले होते, खिडकीतून येत होती."

"हसण्यावारी नेऊ नकोस. दवाखाना बंद केलास, कारण विचारलं तर म्हणालीस कंटाळा आला. एकटी राहतेस, तिसऱ्या मजल्यावर. वरची खोली रंगवून घेतलीय आम्ही. आज सामान बांधायचं, उद्या निघायचं."

"रंग कुठला दिलास?"

"पांढरा."

"मग परत रंगवावी लागेल."

"बाबा," वकील म्हणाली, "तिची इच्छा नसेल तर तुम्ही तिला उचलून नेणार का? सज्ञान बाई आहे."

"आली मोठी बाजू मांडायला. आत्याची भाची शोभतेस."

आत्याने कप खाली ठेवला. ठेवायच्या आधी टेबलाची कड बोटाने चाचपली, पण ते फक्त वहिनींनी पाहिलं.

"असं करू दादा. पोरी शहर बघायला आल्यात ना? आजचा दिवस माझा. कुठे जायचं, कधी खायचं, कधी बसायचं, सगळं मी ठरवणार. मी कुठे अडखळले, चुकले, दमले, तर सामान बांध. नाही, तर वरच्या खोलीत कांदे ठेव."

"आणि ठरवणार कोण?"

"नेहमी ठरवतो तो. पुढारी."

सगळ्यांनी ठिणगीकडे बघितलं. ठिणगी पाव खात होती. तिने खाणं थांबवलं नाही.

या घराचा तो रिवाज होता, दोन पिढ्यांचा. शहरात फिरताना सगळ्यांत लहान मूल सगळ्यांच्या पुढे. मागच्या माणसाचा हात त्याच्या खांद्यावर. पुढाऱ्याने जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. दिवस संपताना शेवटचा शब्दही त्याचाच. वकील लहानपणी दर सुट्टीत या घरी येई आणि पुढारी होई. न बोललेलं दिसलं नाही असं धरलं जाईल, हे वाक्य तिने कोर्टात एकदा जवळजवळ वापरलं होतं.

"आत्याआजी, या यादीत मुलांसाठी पंधरा ठिकाणं आहेत," मोठी फोनमधून म्हणाली. "आणि आपण एका दिवसात नऊ करू शकतो, असं लिहिलंय."

"नऊ ठिकाणं बघून आलेल्या मुलाला विचार, काय पाहिलंस. म्हणेल, बाबांचा राग." आत्या उठली. "एक मोठी गोष्ट, एक ओली गोष्ट, एक फुकटची गोष्ट. झालं शहर. भूक लागायच्या आधी खायचं, पाय दुखायच्या आधी बसायचं, आणि पोरं 'अजून' म्हणत असतानाच निघायचं. आता सगळ्यांनी बाथरूमला जाऊन या. दादा, तूसुद्धा."

•

मोठी

दादा चुका शोधायला निघाले होते. हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं होतं. काम तपासायला जाताना माणूस भिंतीला ओळंबा लावतो, त्यात भिंतीचा अपमान नसतो.

बसमध्ये चढताना ते मुद्दाम बहिणीच्या मागे राहिले. पुढे ठिणगी, तिच्या खांद्यावर आत्याचा हात.

"पायरी," ठिणगी ओरडत होती. "अजून एक पायरी. दांडा. रिकामी सीट. जाड माणूस."

"जाड माणूस हळू बोलायचं."

"जाड माणूस," ठिणगी कुजबुजली. तो माणूस सरकला आणि त्याने जागा करून दिली.

संग्रहालयात शिरताना फलक, बाण, नकाशे. आत्याने एकाकडेही बघितलं नाही. तिकिटाच्या खिडकीपासून डावीकडे, दगडांच्या कपाटांवरून सरळ, तिथून मोठ्या दालनात. तिथे छताला देवमाशाचा सांगाडा टांगला होता. लोक खाली उभे राहून माना वर करत, फोटो काढत आणि पुढे जात.

"झोपा," आत्या म्हणाली.

"इथे?" मोठी आजूबाजूला बघू लागली. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, आपल्याला का नाही सुचलं. उभं राहून तो किती लांब ते कळतं. झोपलं की किती जड ते कळतं."

आणि स्वतः, दुखऱ्या गुडघ्यासकट, ती फरशीवर आडवी झाली.

पहारेकरी तरातरा आला. दादांना वाटलं, सापडली चूक. पहारेकऱ्याने वाकून बघितलं, थबकला, आणि म्हणाला, "डॉक्टरबाई?"

"आवाज ओळखीचा आहे," आत्या पडल्यापडल्या म्हणाली. "खालची उजवी दाढ. मला चावला होतास."

"आठ वर्षांचा होतो हो."

"चावा अठ्ठावीस वर्षांच्या माणसाचा होता. उघड तोंड."

त्या गणवेशातल्या माणसाने खरोखर तोंड उघडलं. आत्याने वर हात केला, त्याची हनुवटी धरली, बोट गालाच्या आतून फिरवलं. "छान ठेवलीस. जा आता, कुणी विचारलं तर सांग आम्ही तपासणी करतोय."

मग इतरांची मुलं आली. एक झोपलं, दुसरं झोपलं, त्यांचे आईबाप संकोचून कडेला उभे राहिले आणि थोड्या वेळाने तेही. देवमाशाच्या पोटाखाली एक रांगच झाली.

"पुढारी, काय दिसतंय?"

"बरगड्या. होडीसारख्या. आणि मागे दोन छोटी हाडं लटकतायत, कशालाच न जोडलेली."

"ते त्याचे पाय. त्याच्या पणजोबांना होते. त्याने टाकून दिले, पण पूर्ण नाही. घरात असतंच काही ना काही जुनं." शेजारचं कुणी मूल हसलं. "आणि दात?"

"दात नाहीत! केसांची फणी आहे."

"गाळणी. एवढं मोठं तोंड आणि एकही दात नाही. माझ्याकडे एकदाही आला नाही."

दादा उभेच होते. वहिनींनी त्यांचा सदरा खालून ओढला. त्या केव्हाच आडव्या झाल्या होत्या. दादा कुरकुरत झोपले आणि वर बघितलं, आणि त्यांना तो जाड दोर, त्या लोखंडी कड्या, तुळईत उतरवलेले खिळे दिसले. कुणीतरी हे वजन इतक्या अलगद टांगलं होतं की त्याच्याखाली मुलं बिनधास्त लोळत होती. त्यांनी एकेक कडी मोजली. चांगलं काम बघितलं की त्यांचं असंच होई.

आणि त्यांना तो जुना दिवस आठवला. आई गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात वडील दोघांना घेऊन पहिल्यांदा या शहरात आले होते. दादा बारा वर्षांचे, ही सहाची. स्टेशनबाहेरच्या गर्दीत वडिलांनी हिला पुढे केलं. मागे राहिलेलं मूल हरवतं, म्हणाले, पुढे घातलेलं हरवत नाही. दादांचा हात हिच्या खांद्यावर होता. त्या दिवशी त्यांना शहरातलं काही दिसलं नव्हतं. ही मात्र ओरडत होती: घोडा! कारंजं! दोन टोप्या घातलेला माणूस!

"अजून!" ठिणगी आत्ता ओरडत होती. "अजून थोडा वेळ!"

"अजून म्हणालीस ना? चला, उठा," आत्या म्हणाली.

आणि गंमत अशी की कुणी रडलं नाही. 'अजून' मनात घेऊनच सगळे बाहेर पडले. बागेच्या भिंतीशी बसून त्यांनी अंडी आणि केळी खाल्ली, तेव्हा अजून कुणाला भूक लागलेली नव्हती.

"काय हो," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "सापडली का चूक?"

"दिवस अजून आहे," दादा म्हणाले. पण केळ्याची साल सोलता सोलता ते शिट्टी वाजवत होते, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

•

ओली

तळ्यावर पायांनी मारायच्या होड्या होत्या. वकील मुलगी इथे शेवटची आली तेव्हा अकरा वर्षांची होती. पाण्याचा वास तोच होता. आत्या नावाड्यासमोर उभी राहिली आणि तिने हात लांब केला.

"ती लाल द्या. कडेची. तिचं सुकाणू हलकं असतं."

सगळ्या होड्या पिवळ्या होत्या.

"लाल गेल्या, आत्याआजी," ठिणगी घाईघाईने म्हणाली. "आता पिवळ्या राहिल्यात. कडेची पिवळी घेऊ."

"पिवळा उन्हात लवकर विटत नाही," नावाडी म्हणाला. "लाल तर मागच्याच..."

ठिणगीने त्याच्या पायावर पाय दिला. चुकून पडतो तसा नाही. नीट बघून, टाच लावून.

वकील गप्प राहिली. कोर्टात ती अशाच वेळी गप्प राहते. दादा, वहिनी आणि मोठी एका होडीत बसले. दुसरीत पुढे सुकाणूवर ठिणगी, मागे पायडलवर आत्या आणि वकील. होडी तळ्याच्या मध्यावर आली तसा तिने फोन काढला, खाली धरून एक फोटो घेतला आणि पडदा आत्यासमोर धरला.

"आत्या, हा बघ, तुझा आणि ठिणगीचा. आत्ताच घेतला."

आत्याने मान जराशी तिरकी केली. फोनच्या बाजूला, पाण्याकडे बघितलं.

"छान आलाय."

वकील मुलीने फोन बंद केला. जिंकल्यावर इतकं वाईट तिला कधी वाटलं नव्हतं.

पायडल फिरत राहिले. थोड्या वेळाने आत्याच म्हणाली, "काय होतं त्यात?"

"माझी चप्पल."

"मग खोटं नाही बोलले. चप्पल चांगलीच असते तुझी."

"आत्या!"

"ओरडू नकोस, पाण्यावरून आवाज लांब जातो. बरोबर पकडलंस. उलटतपासणी कशी करतात ते बघितलं."

"कधीपासून?"

"मधोमध भोक पडलंय, बाकी काही नाही. कडेकडेने दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं पुसलं जातं. तुझ्या कानाकडे बघितलं की तुझं नाक दिसतं, थोडंसं. डॉक्टर म्हणाले, पूर्ण अंधार नाही व्हायचा, पण आहे ते परत नाही यायचं."

"डावीकडे बदक!" पुढून ठिणगी किंचाळली. "बदकाच्या मागे चार पिल्लं! एक मागे राहिलंय!"

"आणि तू एकटी राहतेस. गॅस पेटवतेस. रस्ता ओलांडतेस."

"आणि जिन्यात पडते. एकदा. घड्याळवाल्याने तिथे खोकं ठेवलं होतं म्हणून. आता नाही ठेवत."

"मी सकाळी तुझी बाजू घेतली," वकील म्हणाली. तिने पायडल मारणं थांबवलं. "मला माहीत असतं तर घेतली नसती. बाबांचं बरोबर आहे. मी त्यांना सांगणार."

"सांग."

"थांबवणार नाहीस?"

"वकिलाला कोण थांबवणार? फक्त फुकटची गोष्ट होऊ दे. मग सांग. ठरलेलं अर्धवट नको सोडायला, पोरींना वाईट सवय लागते."

"उजवीकडे वेलींचा पूल!" ठिणगी ओरडली. तिने एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. "मी काही ऐकत नाहीये! पुलावर लाल छत्री!"

आत्या तिकडे बघून हसली. म्हणजे छत्रीकडे नाही. छत्रीच्या जरा बाजूला, जिथून ती दिसते.

•

मध्येच, मोठी (म्हणजे थोरली नात)

मोठी त्या दोघींच्या मागे चालत होती. आई आणि आजी. कानात गाणी होती, पण कधीच बंद केलेली. मोठ्यांना हे कळत नाही.

"आई, आत्याला दिसत नाही."

"माहितेय."

"माहितेय? कधीपासून?"

"चहापासून."

"आणि तू गप्प बसलीस? तूच तर तिला न्यायचं म्हणत होतीस. खोली तू रंगवून घेतलीस!"

"घेतली. मला वाटलं होतं, आयुष्यभर माझ्यावर वरचढ राहिली, आता माझ्या घरात माझ्या हातचा चहा पिऊ दे." आजीने वाटेतला दगड पायाने बाजूला सारला. "पण त्या देवमाशाखाली ती नसती, तर मी फरशीवर झोपले असते का गं? या वयात? तुझ्या बाबांनी मला कधी झोपवलं नाही कशाखाली."

"आई, विषय काय आहे!"

"विषय हाच आहे. आपल्या घरी नेली तर ती वरच्या खोलीत बसेल. आपल्या घरात कुठली वस्तू कुठे आहे ते मलाच सापडत नाही, तिला काय सापडणार? इथे तिला शहर पाठ आहे. रस्ते तिला ओळखतात. पहारेकरी तोंड उघडून दाखवतात."

"म्हणजे आता तू तिच्या बाजूला आणि मी बाबांच्या?"

"होतं असं कधीकधी. ऊन हललं की माणसं जागा बदलतात."

मोठीने पुढे बघितलं. आत्याआजी ठिणगीच्या खांद्यावर हात ठेवून चालली होती. ठिणगी दमली होती. तिचं बोलणं विरळ झालं होतं. समोर फूटपाथ उखडलेला होता आणि ठिणगी कुल्फीसारख्या रंगवलेल्या एका दाराकडे बघत होती.

मोठीने फोन खिशात टाकला आणि पळत पुढे गेली.

"खड्डा," ती म्हणाली, आणि दुसऱ्या बाजूने आत्याआजीचा हात धरला. "डाव्या बाजूने या. मग तीन फरशा सपाट. मग एक कुत्रा, पण झोपलेला."

"अरे वा," आत्याआजी म्हणाली. "दोन पुढारी? असं कधी झालं नव्हतं."

•

फुकटची

बागेच्या टोकाला अर्धचंद्रासारखी वळलेली जुनी दगडी भिंत होती. एका टोकाला तोंड भिंतीकडे करून कुजबुजलं, की शब्द दगडावरून सरकत दुसऱ्या टोकाला कान लावलेल्या माणसाला ऐकू येतो. मधे उभ्या असलेल्याला काही कळत नाही. तिकीट नाही, रांग नाही. मोठीच्या यादीत हे ठिकाण नव्हतं.

मुलींनी आधी भिंतीत एकमेकींना शिव्या दिल्या. मग गाणं म्हटलं. मग मोठी एका टोकाला "आई, मला भूक लागली नाहीये, हे कसं?" असं कुजबुजली आणि वकील दुसऱ्या टोकाला हसली, रडत असताना.

मग आत्या म्हणाली, "दादा, तू तिकडे जा."

ते गेले. दोघांची तोंडं भिंतीकडे, दोघांमध्ये सगळी बाग.

इकडून: दादा, ऐकू येतंय?

तिकडून: येतंय. केवढी स्पष्ट येतेस. कानात बसल्यासारखी.

इकडून: मला दिसत नाही, दादा. फारसं. समोरचं.

तिकडून काही आलं नाही.

इकडून: गेलास का?

तिकडून: इथेच आहे. म्हणून दवाखाना?

इकडून: म्हणून. कंटाळा कसला येतोय मला.

तिकडून: मला का नाही सांगितलंस?

इकडून: तुला तोंडावर सांगितलं असतं, तर तुझं तोंड कसं झालं ते मला दिसलं नसतं. मग मी काय समजायचं? भिंतीत बरं. भिंतीत तुलाही माझं दिसत नाही.

तिकडून: आता तर तू चलच. आता मी ऐकणार नाही.

इकडून: तू पहिल्यांदा या शहरात आलास तेव्हा तुला काय दिसलं?

तिकडून: काय संबंध?

इकडून: काही दिसलं नव्हतं तुला. आईसाठी रडत होतास, स्टेशनपासून परत स्टेशनपर्यंत. तुझा हात माझ्या खांद्यावर होता. मी ओरडत होते ते कुणासाठी वाटलं तुला?

तिकडून: माझ्यासाठी?

इकडून: घोडा, कारंजं, दोन टोप्यांचा माणूस. तू रात्री बाबांना सगळं सांगितलंस, जसं काही तूच पाहिलंस.

तिकडून: दोन टोप्या खरंच होत्या का गं?

इकडून: एक होती. दुसरी मी घातली. तू हसलास ना पण?

मधे उभे असलेल्यांना एवढंच दिसलं, की दादांचं कपाळ भिंतीला टेकलंय आणि त्यांचे खांदे हलतायत. वकील पुढे जाऊ लागली, तेव्हा वहिनींनी तिचा दंड धरला.

तिकडून: मग मी काय करू, अक्कलदाढे? नुसता हात चोळत बसू?

इकडून: दर सुट्टीत एक पुढारी पाठव. आधी ह्या दोघी. मग ज्या कुणाला पोरं होतील त्यांची. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावून दे, तुझ्या हाताने, दुसऱ्याचं काम मला चालणार नाही. आणि अगदीच वाईट वाटलं तर वहिनीला पाठव. तिला सगळं कळलंय सकाळीच, आणि तिने तोंड उघडलं नाही. इतकं मोठं दुखणं तोंडात धरून दिवसभर बसलेला पेशंट मी पाहिला नाही.

दादा भिंतीपासून वळले. सावकाश चालत सगळी वळणदार भिंत ओलांडून आले. नाक पुसलं. मग कंत्राटदाराच्या आवाजात म्हणाले, "दिवस संपला. पुढारी, बोल. आत्याआजी कुठे अडखळली का? चुकली का? दमली का?"

"बाबा, हे काही ठरवायचं साधन नाही," वकील म्हणाली. "ती सात वर्षांची आहे."

"रिवाज आहे. तू सहाची असताना आम्ही तुझं ऐकून पावसात दुसऱ्यांदा होडीत बसलो होतो. बोल गं."

ठिणगी विचार करू लागली. तिने वेळ घेतला. आत्या तिच्या जरा बाजूला बघत उभी होती, आणि तिचे हात कुणाच्याच खांद्यावर नव्हते. ते एकमेकांना धरून होते.

"एकदा चुकली," ठिणगी म्हणाली.

वहिनींनी दादांकडे बघितलं.

"होडीचा रंग. पण सुकाणू हलकं होतं. तिने सांगितलं होतं तसंच." तिने आजोबांकडे बघितलं. "आणि मला अजून बघायचंय. अजून पुष्कळ. म्हणून आता निघू या, आणि सुट्टीत परत येऊ. आत्याआजी इथेच पाहिजे. नाही तर मी कुणाला सांगू काय दिसतंय ते?"

वकील आत्याजवळ गेली आणि तिच्या कानाशी उभी राहून म्हणाली, "मुख्य साक्षीदार फितवलास तू."

"लहानपणापासून फितवते. तुझ्यापासून सुरुवात केली."

"गॅस बदलायचा. आपोआप बंद होणारा."

"बदल."

"आणि रोज फोन. आणि हवा छान आहे, हे चालणार नाही."

"नसली छान तरी?"

"आत्या."

"बरं, बरं. मंजूर."

"त्या पांढऱ्या खोलीचं काय आता?" दादा म्हणाले.

"कांदे," वहिनी म्हणाल्या. "आणि उद्या सकाळचा चहा मी करणार, वन्सं. दिवा न लावता. बघू जमतो का."

परत निघताना ठिणगी पुढे लागली. तिच्या खांद्यावर आत्याचा हात. आत्याच्या खांद्यावर, कुणी सांगितलं नसताना, दादांचा.

"दार," ठिणगी ओरडत होती. "दिवा लागला. दुसरा दिवा लागला. एक माणूस, टोपीवाला."

"किती टोप्या?" दादांनी मागून विचारलं.

ठिणगीने क्षणभर बघितलं.

"दोन," ती म्हणाली.

•

गेल्या वर्षीच्या सुट्टीत, दवाखाना बंद करण्याआधी, आत्याने काढलेला शेवटचा दात ठिणगीचा होता. कुठला हलतोय ते ठिणगीने आत्याचं बोट धरून दाखवलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं.